गुडघा, खुबा आणि सांधेदुखीच्या तपासण्या: एक्स-रे कधी, एमआरआय कधी?

गुडघा किंवा खुबा दुखायला लागला की घरात पहिला प्रश्न निघतो, "फोटो काढायचा का?" लगेच दुसरा प्रश्न येतो, "त्यापेक्षा एकदाच एमआरआय करून टाकूया का?" अनेक पेशंट तर डॉक्टरांना दाखवण्याआधीच एमआरआयची फाईल घेऊन येतात. रिपोर्टमधल्या अवघड शब्दांनी घरचे सगळेच घाबरलेले असतात. याच्या उलटही घडते. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून काही जण महिनोन्‌महिने निर्धास्त राहतात आणि मूळ दुखणे खुब्यात वाढत राहते.

दोन्ही प्रकारांत नुकसान पेशंटचेच होते. म्हणून सांध्यांच्या तपासण्यांमध्ये काय दिसते, काय दिसत नाही आणि कोणती तपासणी कधी करावी, हे या लेखात समजून घेऊया.

सांध्यात नेमके काय असते?

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकतात आणि समोर गुडघ्याची वाटी असते. या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढऱ्या रंगाचा काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्याला कूर्चा किंवा कार्टिलेज म्हणतात. या थरामुळे हाडे एकमेकांवर घासत नाहीत.

मांडीचे आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. बोलताना आपण कूर्चा आणि मेनिस्कस या दोन्हींना 'गादी' म्हणतो, पण त्या वेगळ्या आहेत. "गादी घासली" असे कोणी सांगितले, तर नेमकी कोणती, हे विचारून घ्या.

कूर्चेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि वेदना जाणवणाऱ्या नसाही नसतात. त्यामुळे कूर्चा झिजायला लागली तरी तेवढ्याने दुखतेच असे नाही. दुखणे येते ते कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याच्या अस्तराला आलेल्या सुजेतून आणि आजूबाजूचे स्नायू व लिगामेंट यांच्यातून.

एक्स-रेमध्ये काय दिसते?

एक्स-रेमध्ये हाड पांढरे दिसते. कूर्चा दिसत नाही, कारण किरण तिच्यातून जवळजवळ तसेच आरपार जातात. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते, तिच्यावरून डॉक्टर कूर्चेचा अंदाज घेतात. फट कमी झाली असेल तर कूर्चा किंवा मेनिस्कस झिजली असावी, असे समजतात.

म्हणूनच गुडघ्याच्या झिजेसाठी एक्स-रे उभे राहून काढणे महत्त्वाचे आहे. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यावर वजन नसते. त्यामुळे फट प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसू शकते आणि झीज लपते. चिठ्ठीवर दोन्ही गुडघे उभ्याने काढायला लिहिले असेल आणि सेंटरवर झोपायला सांगितले, तर तिथे विचारा. वाटीमागचे दुखणे असेल तर गुडघा वाकवून वाटीचा वेगळा फोटो काढतात.

झिजेची पायरी ठरवण्यासाठी केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. तिच्यात ० ते ४ अशा पायऱ्या आहेत.

- ग्रेड ०: झिजेची कोणतीही खूण नाही.
- ग्रेड १: शंका येण्याइतपतच बदल.
- ग्रेड २: हाडाच्या कडेला निश्चित काटे आलेले, फट कदाचित थोडी कमी.
- ग्रेड ३: अनेक काटे, फट नक्की कमी झालेली.
- ग्रेड ४: मोठे काटे, फट खूपच कमी आणि हाडाचा आकार बदललेला.

ही पायरी फोटोची आहे, तुमच्या दुखण्याची नाही. ग्रेड ३ असूनही रोज चार किलोमीटर चालणारे लोक असतात आणि ग्रेड १ असूनही जिना चढताना डोळ्यांत पाणी येणारेही असतात. ऑपरेशनचा निर्णय केवळ ग्रेड पाहून होत नाही. तुम्हाला किती चालता येते, रात्री झोप लागते का, व्यायाम आणि औषधांनी फरक पडला का, हे सगळे त्यात धरावे लागते.

एक्स-रेच्या किरणांची भीती अनेकांना वाटते. गुडघ्याच्या एका एक्स-रेमधून मिळणारा किरणांचा डोस इतका कमी असतो, की तेवढा आपल्याला निसर्गातून साधारण एका दिवसात मिळतोच. तरीही गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल, तर आधी सांगा.

झिजेचे निदान फोटोशिवाय होते का?

बऱ्याच वेळा होते. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढील तीन गोष्टी एकत्र असतील, तर सांध्याची झीज आहे हे निदान फोटोशिवाय करता येते.

- वय ४५ किंवा त्याहून जास्त.
- चालण्याने किंवा सांधा वापरल्याने वाढणारे दुखणे.
- सकाळी सांधा आखडत नाही, किंवा आखडला तरी ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही.

फोटोची गरज पडते ती चित्र यापेक्षा वेगळे असेल तेव्हा. मार लागला असेल, दुखणे झपाट्याने वाढत असेल, सांधा गरम आणि सुजलेला असेल, सकाळचा आखडलेपणा तासन्‌तास राहत असेल किंवा ऑपरेशनचा विचार चालू असेल, तर तपासणी करावीच लागते.

साध्या झिजेत फोटो काढला काय आणि नाही काढला काय, सुरुवातीचा उपचार तोच असतो: मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन कमी करणे आणि गरजेपुरते वेदनाशामक. वजनाचा परिणाम लक्षणीय आहे. गुडघ्याची झीज असलेल्या वजनदार व्यक्तींच्या अभ्यासात असे दिसले, की वजन एक किलोने कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

एमआरआयमध्ये काय जास्त कळते?

एमआरआयमध्ये किरण वापरत नाहीत. मोठ्या चुंबकाच्या मदतीने चित्रे घेतली जातात. त्यात कूर्चा, मेनिस्कस, लिगामेंट, सांध्यातले पाणी आणि हाडाच्या आतली सूज प्रत्यक्ष दिसते. हाडाच्या आतली सूज एक्स-रेमध्ये कधीच दिसत नाही, त्यामुळे काही आजार सुरुवातीला फक्त एमआरआयवरच पकडता येतात.

पण एमआरआयमध्ये जरा जास्तच दिसते, हीच त्याची अडचण आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात ५० वर्षांवरील ७१० लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय केले गेले. या सर्वांच्या एक्स-रेमध्ये झीज दिसत नव्हती. तरीही त्यांच्यापैकी ८९ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये झिजेचा काही ना काही बदल सापडला. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्याच गावात त्याआधी झालेल्या अभ्यासात मेनिस्कस फाटलेली आढळलेल्या लोकांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास झालेला नव्हता.

म्हणजे पन्नाशीनंतर एमआरआयमध्ये 'टिअर' लिहून आले, तर त्यामुळेच दुखते आहे असे लगेच म्हणता येत नाही. वयाने केस पांढरे होतात, तसेच चकतीलाही वयाने चिरा पडतात. अशा वयोमानाच्या चिरांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन केल्याने व्यायामापेक्षा फारसा फायदा होत नाही, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने झिजलेल्या गुडघ्यासाठी असे ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात केली. म्हणून गरज नसलेला एमआरआय काही हजार रुपयांचा खर्च करून थांबत नाही. कधी कधी तो गरज नसलेल्या ऑपरेशनपर्यंत नेतो.

मग एमआरआय खरंच कधी लागतो?

- खेळताना किंवा पडताना गुडघा पिळवटला, आतून 'कट्' आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला. यात लिगामेंट तुटल्याची शंका असते.
- गुडघा मध्येच अडकतो आणि पूर्ण सरळ होतच नाही.
- पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी धावण्याचा सराव अचानक वाढवला आणि नडगीत किंवा खुब्यात एकाच जागी दुखायला लागले. हाडाला ताणामुळे पडलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये दिसत नाही.
- हाडे ठिसूळ असलेल्या वयस्कर व्यक्तीचा गुडघा मार न लागता अचानक खूप दुखू लागला आणि एक्स-रे नॉर्मल आहे. कूर्चेखालच्या हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. ती वेळेत कळली तर त्या पायावरचा भार कमी करून हाड दबणे टाळता येऊ शकते.
- हाडात जंतुसंसर्ग किंवा गाठ असल्याची शंका आहे.
- खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका आहे. याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

दुखतो गुडघा, आजार खुब्यात

खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. त्यामुळे खुब्याचा आजार कधी कधी फक्त मांडीत किंवा गुडघ्यात दुखतो. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो आणि सगळे निश्चिंत होतात. गुडघा दुखत असताना डॉक्टर खुबा फिरवून पाहतात ते यासाठीच.

मोठ्यांमध्ये: मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या खोबणीत बसतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर आतले हाड मरू लागते. या आजाराला एव्हीएन म्हणतात. बहुतेक वेळा दुखणे जांघेत सुरू होते. जास्त किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेले, नियमित भरपूर दारू पिणारे, खुब्याला मोठी इजा झालेले आणि सिकलसेल आजार असलेले लोक यांना धोका जास्त असतो. कोविडमध्ये ज्यांना स्टिरॉइड द्यावे लागले, त्यांच्यातही हा आजार दिसला आहे. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल जास्त आढळतो. तिथल्या कुटुंबांनी तरुण मुलाच्या जांघेतल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये.

एव्हीएनमध्ये सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल असतो. एमआरआयमध्ये मात्र आजार लवकर दिसतो. तो अनेकदा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून दोन्ही खुब्यांचा एमआरआय करतात. गोळा दबण्याआधी आजार कळला तर तो वाचवण्याचे काही उपाय असतात. गोळा दबल्यानंतर बहुतेकदा सांधेबदलाचेच ऑपरेशन उरते. धोक्याचे कारण असलेल्या माणसाची जांघ दुखत असेल, तर एमआरआयला उशीर करू नये.

मुलांमध्ये: लहान मूल लंगडत असेल आणि गुडघ्याकडे बोट दाखवत असेल, तर खुबा तपासलाच पाहिजे. साधारण ४ ते ८ वर्षांच्या मुलांत पर्थेस नावाचा आजार होतो. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होतो. साधारण १० ते १६ वयाच्या, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत खुब्याचा गोळा वाढीच्या रेषेवरून घसरू शकतो. दोन्हींसाठी दोन्ही खुब्यांचा समोरून एक आणि बेडकासारखे पाय दुमडून एक, असे फोटो काढतात. गोळा घसरल्याचे दिसले तर मुलाला चालू देऊ नका, उचलून किंवा व्हीलचेअरवरून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या.

वाढत्या मुलांचा गुडघा

खेळणाऱ्या मुलांत, साधारण १० ते २० वर्षे वयात, गुडघ्याच्या कूर्चेखालचा हाडाचा एक तुकडा सैल होऊ शकतो. कधी तो कूर्चेसकट सुटून सांध्यात फिरतो आणि गुडघा अडकतो. याला ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स म्हणतात. हा तुकडा नेहमीच्या फोटोत निसटू शकतो, म्हणून गुडघा वाकवून एक वेगळा फोटो घेतात. तुकडा घट्ट आहे की सैल, हे एमआरआयवरून ठरवतात. घट्ट असेल आणि मुलाची वाढ चालू असेल, तर खेळ काही महिने थांबवून तो बरा होण्याची चांगली शक्यता असते.

मुले वाढताना पाय दुखतात हे खरे आहे. पण ते दुखणे सहसा दोन्ही पायांत असते आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारत असते. एकाच पायात, एकाच जागी, रोज रात्री झोप मोडणारे दुखणे असेल किंवा गुडघ्याजवळ सूज अथवा गाठ असेल, तर 'वाढीचे दुखणे' म्हणून सोडून देऊ नका, मालिश करत बसू नका. लगेच एक्स-रे काढा. हाडाचा कर्करोग या वयात गुडघ्याजवळच जास्त आढळतो. त्याची पहिली खूण अनेकदा साध्या एक्स-रेमध्ये दिसते.

इतर तपासण्या

सोनोग्राफी: सांध्यातले पाणी, अस्तराची सूज आणि गुडघ्यामागची पाण्याची गाठ यात चांगली दिसते. ही गाठ फुटली की पोटरी सुजते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी तशीच सुजते. दोन्हींतला फरक सोनोग्राफीने कळतो. हाडाच्या आतले मात्र काही दिसत नाही.

सीटी स्कॅन: हाडाचे बारीक तुकडे आणि सांध्यात गेलेले फ्रॅक्चर पाहण्यासाठी उत्तम. कूर्चेसाठी उपयोग कमी.

बोन स्कॅन: शिरेतून किरणोत्सारी औषध थोड्या प्रमाणात देऊन सगळ्या शरीरातील हाडे एकदम पाहतात. आजार अनेक ठिकाणी पसरला आहे का, हे बघायला उपयोगी.

सांध्यातील पाण्याची तपासणी: सांधा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला, तर कोणत्याही फोटोपेक्षा सुईने काढलेल्या पाण्याची तपासणी महत्त्वाची असते. जंतुसंसर्गात सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल असू शकतो. एकच सांधा आठवडेच्या आठवडे सुजलेला असेल, तर आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. त्याचे पक्के निदान पाणी किंवा तुकडा तपासूनच होते.

रिपोर्टमधले काही शब्द

- ऑस्टिओफाइट: हाडाच्या कडेला आलेला काटा. झिजेची नेहमीची खूण.
- सबकॉन्ड्रल स्क्लेरोसिस: कूर्चेखालचे हाड कडक व दाट झालेले.
- इफ्यूजन: सांध्यात पाणी साठलेले. थोडेसे असेल तर काळजी नसते.
- मेनिस्कस, ग्रेड २ सिग्नल: चकतीच्या आतला बदल, जो तिच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला नाही. याला फाटणे म्हणत नाहीत.
- कॉन्ड्रोमलेशिया: कूर्चा मऊ पडलेली किंवा झिजलेली, बहुधा वाटीमागे.
- मॅरो इडिमा: हाडाच्या आतली सूज. कारण झीज, मार, चीर, जंतुसंसर्ग यांपैकी काहीही असू शकते, म्हणून डॉक्टरांशी बोलणे आवश्यक.
- डीजनरेटिव्ह: वयाने किंवा वापराने झालेला बदल.

एमआरआयला जाताना

तपासणीला साधारण २० ते ४५ मिनिटे लागतात आणि हलायचे नसते. मशीनचा आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, साडीच्या सेफ्टी पिना, केसांतले आकडे, घड्याळ, कानाची मशीन, एटीएम कार्ड हे सगळे बाहेर ठेवा. निघत नसलेल्या अंगठ्या घरीच साबण लावून काढून ठेवा.

पेसमेकर, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतील क्लिप किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण असेल तर आधीच सांगा. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम करणाऱ्यांनी डोळ्याच्या जुन्या इजेबद्दल आवर्जून सांगावे. हृदयातील स्टेंट किंवा हाडातील रॉड असेल तरी बहुतेक वेळा एमआरआय करता येतो, पण ऑपरेशनची कागदपत्रे सोबत न्या. कूर्चा पाहण्यासाठी सहसा औषधाचे इंजेक्शन लागत नाही. जंतुसंसर्ग किंवा गाठीची शंका असेल तर ते देतात. तेव्हा किडनीचा आजार असेल तर सांगा.

या वेळी थांबू नका

- सांधा लाल, गरम, खूप दुखणारा आणि सोबत ताप: त्याच दिवशी रुग्णालयात जा.
- मार लागल्यावर पायावर चार पावलेही टाकता येत नाहीत.
- मूल लंगडते आहे किंवा पाय टेकवायला तयार नाही.
- रात्री झोप मोडणारे दुखणे, सोबत वजन कमी होणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग.
- पोटरीला अचानक सूज. सोबत दम लागत असेल तर तातडीने रुग्णालय गाठा.

डॉक्टरांना हे विचारा

तपासणी लिहून दिली की तीन प्रश्न जरूर विचारा. या तपासणीतून आपण नेमके काय शोधतो आहोत? ते सापडले किंवा नाही सापडले, तर माझा उपचार बदलेल का? आणि तपासणी काही आठवड्यांनी केली तर चालेल का? उपचार बदलणार नसेल, तर तपासणी थांबू शकते. उपचार बदलणार असेल, तर खर्चासाठी किंवा भीतीपोटी ती पुढे ढकलू नका.

जुने एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म टाकून देऊ नका. फक्त रिपोर्टचा कागद न आणता फिल्म किंवा सीडीही सोबत आणा. दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवून पाहिला, की सांधा किती बदलला ते लगेच कळते. अनेकदा नव्या तपासणीची गरजही उरत नाही.